कबरेवर शिवी चालते का?

चार माणसं दर महिन्याला एका टेबलाभोवती बसली की किस्से आपोआप जमतात. गोळा करायला कोणाला जावं लागत नाही. टेबल बँकेतलं असो, शाळेतलं असो, नाहीतर कब्रस्तानातलं. आमचं कब्रस्तानातलं आहे.

हसू नका! म्हणजे हसा, पण पूर्ण ऐकून हसा. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. स्टाफरूममध्ये जेवढी हसले नसेन तेवढी या खोलीत हसले आहे. तेही तोंडावर पदर धरून, कारण खिडकीबाहेर कोणी ना कोणी फुलं घेऊन उभं असतं.

तर आमच्या ख्रिस्ती कब्रस्तानाच्या गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला एक खोली आहे. तिथे दर दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला मजकूर समिती बसते. कबरेच्या दगडावर काय कोरायचं ते घरच्यांनी फॉर्मवर लिहून आणायचं, आम्ही वाचायचं, शिक्का मारायचा. शिक्का नाही तर दगड नाही.

समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष आनंदराव, रेल्वेत गार्ड होते. आयुष्यभर त्यांना हिरव्या झेंडीपेक्षा लालच जास्त आवडली असणार, असा माझा अंदाज आहे. दुसरी मी, प्रताप नगरातून स्कूटीवर येते, पर्समध्ये अजून लाल पेन असतं. तिसरा विल्सन, बँकेत आहे, गुणी मुलगा, चाळिशीचा. त्याचं मत विचारलं की तो एकच सांगतो, "मॅडम, मी बहुमतासोबत."

आणि चौथे रफीकभाई. ते समितीत नाहीत, पण त्यांच्याशिवाय समिती म्हणजे नुसता चहा. नागपुरातले निम्मे दगड त्यांच्या हातचे. आम्ही शिक्का मारतो, ते छिन्नी मारतात.

गेलं वर्षभर या टेबलावर एकच फॉर्म पुन्हा पुन्हा येत होता. तो कन्हानच्या मार्थाबाईंचा. त्यांचे यजमान प्रभाकर कोळशाच्या खाणीत होते, रिटायर होऊन निवांत बसले होते, आणि जानेवारीच्या शेवटी वारले. फॉर्ममध्ये नाव, जन्म, मृत्यू, सगळं चोख. 'मजकूर' या रकान्यात एकच ओळ.

"हरामखोर, जेवली का?"

आनंदरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओळ तशीच होती.

"बाई, हे काय आहे?"

"तो मले असंच म्हणे," मार्थाबाई म्हणाल्या. "शिफ्ट सुटली का गल्लीच्या तोंडापासून ओरडत ये. मी त्याच्याआधी कधी जेवत नव्हती, अन् त्याले ते पटत नव्हतं. मी खोटं सांगायची, जेवली म्हणून. तो टोपली उघडून पोळ्या पाहे अन् अजून दोन शिव्या देई. चाळीस वर्षं साहेब! नाव घेऊन त त्यानं मले कधी हाकच नाही मारली."

आनंदरावांनी वही उघडली. नियम अकरा: मजकुरात अश्लील, अपमानकारक किंवा भांडण लावणारे शब्द नसावेत.

"असं करू," ते म्हणाले, "पहिला शब्द काढू. नुसतं 'जेवली का?' ठेवू."

"ते त मले भाजीवालीही विचारते!"

मतदान झालं. आनंदराव विरोधात. मी हात वर केला, बाजूने. का केला ते मला त्या क्षणी माहीत नव्हतं. शिवी दिली म्हणून मी किती पोरांना बाकावर उभं केलं आहे! पण त्या बाईंकडे बघून माझा हात वर गेला.

"विल्सन?"

"मी बहुमतासोबत."

"अरे, एकास एक आहे! बहुमत कुठाय?"

"येईल ना मॅडम. मी थांबतो."

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं, ते सांगते. आमच्याकडे नवरा-बायकोसाठी जोडजागा मिळते. एक कबर भरलेली, शेजारची राखीव, दोघांना मिळून एक दगड. पण वर्षाच्या आत दगड बसला नाही तर राखीव जागा रद्द होते आणि दुसऱ्याला जाते, कारण कब्रस्तान भरत आलं आहे. मार्थाबाईंना हे माहीत होतं. तरी त्या म्हणाल्या, "मले दुसरा दगड नको. अन् त्याच्यापासून दूरची जागाही नको." असं म्हणून सोबतचा जेवणाचा डबा उचलला आणि कन्हानची बस पकडायला गेल्या.

*

आनंदराव म्हणाले, आधी असं काही झालं आहे का ते पाहू. म्हणून जुनं रजिस्टर काढलं. आणि रजिस्टर उघडलं की रफीकभाई सुटतात.

नियम अकरा कशामुळे आला, ही गोष्ट त्यांचीच. तेव्हा समिती नव्हती, ज्याला जे वाटेल ते तो कोरून घेई. एका घरातले वडील गेले. थोरल्या मुलाने डोक्याकडच्या दगडावर लिहून घेतलं, "धाकटा मुलगा सोडून सर्व शोकाकुल परिवार."

बघा हं, एकही शिवी नाही!

पंधरा दिवसांनी धाकटा आला. त्याने पायाकडे दुसरा दगड बसवला. "शेवटची चार वर्षं बाबा कोणाकडे होते, ते विचारा."

थोरल्याने उजव्या बाजूला तिसरा बसवला. "विचारायची गरज नाही. सगळ्यांना माहीत आहे."

मग काय! येणारी माणसं कबरेला प्रदक्षिणाच घालायला लागली. डोक्याकडचं वाचायचं, पायाकडे जायचं, उजवीकडे वळायचं, आणि प्रार्थना राहूनच जायची. लोक खास बघायला यायचे. एकाने म्हणे पाहुण्यांना आणून दाखवलं.

शेवटी त्यांची आई रफीकभाईंच्या दुकानात आली. म्हातारी, काठी टेकत. म्हणाली, "भाऊ, डावी बाजू रिकामी आहे ना? तिथं माझं लिहा."

रफीकभाईंनी लिहिलं. "ही दोन्ही पोरं माझीच. माफी असावी. आई."

आठवड्याच्या आत दोघांनी आपापले दगड स्वतः उचलून नेले. आईचा अजून आहे.

*

दुसरा किस्सा मी डोळ्यांनी पाहिलेला. वाडीच्या गोडाउनवर ट्रक चालवणारा जोसेफ गेला. त्याला घरचं असं कोणी नव्हतं. पण शनिवारी दहाच्या ठोक्याला सहा ड्रायव्हर खोलीत शिरले. खुर्च्या चारच, म्हणून सगळे उभेच राहिले. हातात डिझाइन होतं. त्यांच्या ट्रकच्या मागे चित्रं काढणाऱ्या पेंटरनेच ते काढलं होतं. वर क्रूस, दोन्ही बाजूंना मोर, मधे जोसेफचं नाव आणि खाली मोठ्या अक्षरात, "बुरी नजरवाले तेरा मुँह काला!"

आनंदराव म्हणाले, "काहून गा? कबरेले कोणाची नजर लागते?"

त्यातला एक दाढीवाला पुढे आला. "साहेब, जागा तर बघा! निंबाची सावली, बाजूले नळ, समोर बसाले दगडी बाक. पूर्ण कब्रस्तानात अशी जागा नाही. लागते ना नजर!"

आनंदरावांनी नजर वहीत घातली. कारण खरं सांगू का, त्या जागेवर त्यांचा स्वतःचा डोळा होता.

"पण 'तोंड काळं' हे बसत नाही नियमात," त्यांनी वही पुढे केली. "दुसरं काही सांगा."

सहा जणांनी दाराबाहेर जाऊन खलबत केलं. मोठमोठ्याने. परत आले.

"मग 'फिर मिलेंगे' लिहा."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आनंदरावांनी पाद्रीसाहेबांना फोन लावला. पाद्रीसाहेब म्हणाले, "अहो, हाच तर आपला विश्वास आहे! लगेच पास करा."

ड्रायव्हर खूश. जाता जाता तो दाढीवाला दारातून वळला. "अन् साहेब, एका कोपऱ्यात बारीकसं 'हॉर्न प्लीज'?"

"नाही!" आनंदराव म्हणाले. "शेवटच्या दिवशी देवदूत तुतारी वाजवणार आहे. तेवढं पुरे झालं त्याले."

*

जूनमध्ये मार्थाबाई दुसऱ्यांदा आल्या. आल्या त्या भिजलेल्या, पण फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा. मजकूर तोच.

आनंदरावांनी या वेळी घरून तयारी करून आणली होती. त्यांनी कागद काढला आणि वाचला, "प्रिये, जेवलीस का?"

मार्थाबाई बघतच राहिल्या. "ही कोण?"

"कोण?"

"ही प्रिये कोण? साहेब, कन्हानचं माणूस वाचीन त काय म्हणन? प्रभाकरची दुसरी होती म्हणन!"

रफीकभाई पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले, काही हरवलेलं नसताना.

"मग 'अगं, जेवलीस का?'"

"तो 'जेवलीस' म्हणत नव्हता. तो पुण्याचा होता काय?"

मतदान पुन्हा तसंच. आनंदराव नाही, मी हो, आणि विल्सन बहुमताची वाट बघत. मार्थाबाईंनी फॉर्म परत पिशवीत ठेवला. मला मात्र त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. साडेचार महिने तर संपले होते.

*

पुण्यावरून आठवलं. आमच्याकडे एक जुने हॉकीपटू होते, ऐंशीव्या वर्षी गेले. त्यांच्या टीममधले तिघे अजून हयात, तिघेही काठीवर. त्यांनी मित्रासाठी दगड दिला आणि मजकूर दिला, "पास दे ना बे!"

आता 'बे'बद्दल नागपूरच्या माणसाला काय सांगायचं! आपण श्वास घेतो तसा 'बे' घेतो. आम्ही एका मिनिटात पास केलं.

तर पुण्याहून पुतण्याचं पत्र आलं, टाइप केलेलं, दोन पानी. "'बे' हा शब्द असभ्य असून त्यामुळे आमच्या घराण्याची प्रतिष्ठा दुखावली गेली आहे." नियम अकराचाही उल्लेख! कुठून मिळाला देव जाणे.

आनंदरावांनी त्याला फोन केला. स्पीकरवर, आमच्यासमोर. आवाज अगदी रेल्वेतला, घोषणा देतात तसा. "हे बघा, आपल्या भावना आम्ही समजू शकतो. पण नागपुरात तो शब्द आपुलकीचा आहे. लहानथोर सगळे वापरतात. त्यात अपमान नाही."

तिकडून पुतण्या दहा मिनिटं बोलला. शब्दकोश काढला, संस्कार काढले, काकांचे उपकार काढले. आनंदराव ऐकून घेत होते. हळूहळू त्यांचे कान लाल होत गेले.

"अहो, म्हणजे मी काय सांगून राहिलो इतक्या वेळचा?" ते शेवटी ओरडले. "'बे' म्हणजे शिवी नाही बे!"

फोन कट झाला. दगड आहे तसाच आहे.

मी संधी साधली. "आनंदराव, ही आपुलकी, तर मार्थाबाईंच्या नवऱ्याचं काय वेगळं?"

"'बे' वेगळं, 'हरामखोर' वेगळं."

"बाईंना विचारलंत का, त्यांना ते कसं लागायचं?"

त्यांनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "पुढचा फॉर्म."

*

आमचीही एक चूक सांगते, नाहीतर म्हणाल, सगळे किस्से दुसऱ्यांचेच.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या महिन्यात मी मीटिंगला नव्हते. एका गृहस्थाने आपल्या वडिलांचा मजकूर फॉर्मवर न लिहिता मोबाइलवर पाठवला. तेही गाडी चालवताना. हे लोक आता टाइप करत नाहीत, फोनला तोंडाने सांगतात आणि फोन लिहून घेतो. आनंदरावांनी प्रिंट काढली, पहिली ओळ वाचली, "प्रेमळ पिता, आदर्श शिक्षक", समाधान पावले आणि शिक्का मारला. विल्सनने सही केली. बहुमत ना!

मंगळवारी मला रफीकभाईंचा फोन. माझ्या डोळ्यावर अजून पट्टी होती.

"मॅडम, 'प्रेमळ पिता' हो गया. 'आदर्श शिक्षक' भी हो गया. उसके आगे लिखा है, 'अबे माकडा, इंडिकेटर कोण देईल.' ये मरहूम के बारे में है, या किसी और के?"

"रफीकभाई! कोरलं का ते?"

"'माकडा' तक. शिक्का तो था ना मॅडम."

मी आनंदरावांना फोन केला. मग त्या गृहस्थाला बोलावलं, कागद दाखवला. तो शरमला, मग हसला, मग डोळे पुसले. म्हणाला, "मॅडम, बाबा स्कूटरवर असेच बोलायचे. राहू दिलं असतं, पण आईला वाचता येतं."

नवा दगड आनंदरावांनी न सांगता आपल्याकडून दिला. जुना रफीकभाईंच्या दुकानाबाहेर वळणावर उभा आहे. तिथे म्हणे आता सगळे इंडिकेटर देऊन वळतात.

*

आणि एक छोटासा. आमच्या फॉर्मवर 'स्वभावविशेष' असा एक रकाना होता. 'होता' म्हणते, कारण आता काढून टाकला.

एक बाई आल्या, सत्तरीच्या, पांढरी साडी, केस चापूनचोपून. नवऱ्याचा फॉर्म भरून दिला. 'स्वभावविशेष' समोर लिहिलं होतं, "होता."

"बाई," आनंदराव म्हणाले, "थोडं खुलासेवार लिहा की. प्रेमळ, मनमिळाऊ, शांत, असं काही."

"पन्नास वर्षं काढली साहेब," त्या म्हणाल्या. "खोटं मी लिहिणार नाही, अन् खरं तुम्ही पास करणार नाही. मग कायले दोघांनी त्रास घ्यावा?"

मला त्या बाई फार आवडल्या. मी म्हटलं, "मग मजकुरात काय लिहू?"

त्यांनी विचार केला. "'शांती लाभली' लिहा."

"कोणाला?"

"ते नका लिहू."

त्या गेल्यावर आनंदराव उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "मॅडम, आपल्या कब्रस्तानात किती दगडांवर 'प्रेमळ' असेल?"

"जवळजवळ सगळ्यांवर."

"अन् आपण सगळे पास केले."

*

जानेवारीचा दुसरा शनिवार आला. प्रभाकरचं वर्ष भरायला बारा दिवस होते आणि पुढची मीटिंग थेट फेब्रुवारीत. म्हणजे आज नाही तर नाहीच. खोटं कशाला सांगू, मला रात्रभर झोप नव्हती. आपण तिघं शिकलेली माणसं नियम वाचत बसू आणि त्या बाईची जागा जाईल, याची मला भीती वाटत होती आणि लाजही.

मी साडेनऊला पोचले तर मार्थाबाई आधीच पायरीवर उन्हात बसलेल्या. शाल पांघरलेली, मांडीवर फॉर्म.

"जेवल्या का?" मी सहज विचारलं. आणि जीभच चावली.

"बसमध्ये खाल्लं," त्या हसल्या. "तुम्ही बरं विचारता बाई. पण तुमच्यानं ते जमत नाही."

दहाला सगळे जमले. आनंदराव टोपी घालून, मफलर गुंडाळून आले, वही समोर ठेवली, पण उघडली नाही.

"मी हा नियम अकरा घरी चार वेळा वाचला," ते म्हणाले. "'अपमानकारक' लिहिलं आहे. पण अपमान कोणाचा, हे कुठंच लिहिलं नाही." मग मार्थाबाईंकडे वळून विचारलं, "ही शिवी कोणाले देल्ली होती?"

"मले."

"मग तुमची काही हरकत आहे का?"

"माझी कायची हरकत साहेब? माझी हरकत असती त मी वर्षभर चकरा कायले मारल्या असत्या?"

"तसं लिहून द्या."

मी पर्समधून कोरा कागद आणि पेन काढून दिलं. मार्थाबाईंनी एकेक अक्षर दाबून लिहिलं. "मी मार्था प्रभाकर, राहणार कन्हान, लिहून देते की मला कबरेच्या दगडावर हरामखोर म्हटल्यास माझी हरकत नाही." खाली सही केली. साक्षीदार म्हणून रफीकभाईंनी सही केली, उर्दूत, वळणदार.

"नियमात बसलं," आनंदराव म्हणाले. "माझी मंजुरी आहे."

"मॅडम," विल्सन कुजबुजला, "झालं ना आता बहुमत?"

"झालं रे बाबा, झालं!"

"मग मी त्याच्यासोबत."

मला इतकं हलकं वाटलं! रफीकभाईंनी चहा सांगितला. मार्थाबाईंनी पदराने डोळे टिपले. आनंदरावांनी शाईचा पॅड उघडला, शिक्का उचलला आणि तेवढ्यात मार्थाबाई म्हणाल्या, "मागं पलटवा ना साहेब. मागच्या बाजूले अजून आहे."

"मागे काय?"

"जोडदगड आहे ना? अर्धा माझा. मी गेल्यावर खालच्या बाजूले माझं नाव येईन. त्याच्याखाली माझी ओळ. आताच पास करून ठेवा, मंग माझ्यामागं चकरा कोण मारीन?"

आनंदरावांनी पान पलटलं आणि मोठ्याने वाचलं.

"जेवली ना, भैताडा. सरक तिकडे."

भैताड म्हणजे आमच्या नागपुरात बावळट, वेडपट. रफीकभाईंनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांचे खांदे हलत होते. मला हसू येत होतं की रडू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आनंदरावांनी शिक्का खाली ठेवला.

"बाई, वरची शिवी तुम्हाले आहे. तुमची ना हरकत झाली. पण ही खालची प्रभाकरले आहे. आता त्याची ना हरकत कोण देईन?"

वर्षभराची मेहनत आणि काठाशी येऊन असं! मी बोलायला तोंड उघडलं, पण मार्थाबाई माझ्याआधी बोलल्या.

"त्यालेच विचारा ना साहेब. लई दूर आहे काय? मागच्या भिंतीपाशी त आहे."

मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. आनंदराव उठले. मफलर नीट केला, चपला घातल्या, फॉर्म हातात घेतला आणि बाहेर पडले.

आम्ही सगळे खिडकीशी गेलो. ते कबरींच्या मधल्या वाटेने थेट मागच्या भिंतीपर्यंत चालत गेले. प्रभाकरच्या मातीपाशी थांबले. डोक्यावरची टोपी काढली. मग कागद डोळ्यांजवळ धरला, आणि त्यांचे ओठ हललेले आम्हाला इथून दिसले.

"मॅडम," विल्सन म्हणाला, "ते खरंच विचारून राहिले का?"

"गप्प बस."

पाचेक मिनिटं ते तिथे उभे होते. मग टोपी घातली आणि आले त्याच वाटेने परत आले. खुर्चीत बसले. पॅड पुढे ओढला. फॉर्मच्या पुढच्या बाजूला शिक्का मारला, पान पलटलं आणि मागच्या बाजूलाही मारला.

माझ्याने राहवलं नाही. "काय म्हणाला प्रभाकर?"

शाई वाळावी म्हणून आनंदराव कागदावर फुंकर घालत होते.

"काय म्हणन?" ते म्हणाले. "मलेच शिवी देल्ली."